साईनाथभाऊजींची घरपोच फाइल

आमचे शेजारी साईनाथ घाडी यांना कुठलीही वस्तू नुसती पाठवून देणं जमत नाही. ती स्वतः नेऊन हातात द्यावी लागते, आणि ती पोचली हे समोरच्याच्या तोंडून ऐकावंही लागतं. गावाहून कोकमं आली की पुडी घेऊन ते दारात उभे. सोसायटीच्या सभेची वेळ बदलली तर आधी ग्रुपवर मेसेज टाकतात आणि मग येऊन बेल वाजवतात.

"वहिनी, मेसेज टाकलाय. वाचलात ना?"

"वाचला की, भाऊजी."

"काय लिहिलंय सांगा बघू."

लग्नाच्या पत्रिका वाटायच्या असल्या की डोंबिवलीतले त्यांचे निम्मे नातेवाईक त्यांनाच बोलावून घेतात. भाऊजींनी दिलेलं बोलावणं कुणी विसरत नाही, कारण विसरायची सोयच ते ठेवत नाहीत.

हे सगळं मूळचं कल्याणजवळच्या मोहन्याचं. वडील तिथल्या रेयॉनच्या कंपनीत होते. चाळीत कुणाला निरोप द्यायचा म्हणजे दारात जाऊन द्यायचा, अशीच पद्धत. भाऊजींच्या आई, विमलाबाई, अजून तिथेच राहतात. कंपनी बंद होऊन इतकी वर्षं झाली, चाळीतली निम्मी घरं रिकामी झाली, तरी त्या हलत नाहीत. "इथे मला बाजारवाले नावानं हाक मारतात," असं त्यांचं म्हणणं. मुलगा-सून डोंबिवलीत, म्हणजे त्यांच्या हिशेबानं परदेशातच. सणासुदीला त्या इकडे येतात, फ्रिजमधलं सगळं वास घेऊन तपासतात आणि परत जातात.

भाऊजींनी कल्याणला डिप्लोमा केला आणि ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायला लागले. तिथे थंडगार खोलीत मोठमोठी यंत्रं होती. भाऊजी त्यांना नावानं ओळखत. नवीन प्रोग्रॅम आला की प्रत्येक यंत्रावर जाऊन स्वतः बसवत. दसऱ्याला झेंडूची माळ घालत. एक यंत्र तर म्हणे नऊ वर्षं एकदाही बंद पडलं नव्हतं. त्याचं कौतुक भाऊजी भाच्याचं करावं तसं करत. पुढे ती खोलीच गेली. सगळं काम कुठल्याशा दूरच्या ठिकाणी हललं आणि भाऊजी समिधा मॅडमच्या छोट्या कंपनीत आले. मॅडम वयानं त्यांच्यापेक्षा लहान, राहणार टेंभी नाक्याच्या, बोलायला फटकळ पण माणूस पारखणाऱ्या. नवरात्रात टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीत मॅडमना स्वतःच्या इमारतीतून बाहेर पडणं मुश्कील होतं, म्हणून ते दिवस सगळ्या ऑफिसला घरून काम.

भाऊजींचं घरचं ऑफिस म्हणजे बाल्कनी. इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी तुळस आणि मध्ये फक्त एक जाळी. पलीकडे माझी बाल्कनी. मी पालेभाजी निवडायला बसले की त्यांना श्रोता मिळतो. त्यामुळे त्यांचं काम मला त्यांच्या बायकोपेक्षा, संचितापेक्षा, जास्त ठाऊक आहे. ती बिचारी कल्याणच्या पोस्टात दिवसभर लोकांना उत्तरं देऊन येते. घरी आल्यावर तिला कुणाचंच काही ऐकायचं नसतं.

तर काम असं. माझ्या लेकीच्या, सान्वीच्या, शाळेच्या प्रत्येक बसमध्ये एक छोटं यंत्र बसवलंय. आपण कुठे आहोत ते ती बस सारखी सांगत राहते. सगळ्या बसचं हे सांगणं नळाच्या धारेसारखं चालू असतं. ते साठवून ठेवून संध्याकाळी हिशेब केला तर उपयोग शून्य. धार वाहत असतानाच, ही बस अमक्या थांब्यावर इतक्या वेळात येईल, हे काढावं लागतं. ते काढणारा प्रोग्रॅम म्हणजे भाऊजींची फाइल. आणि ती फाइल जिथे बसून काम करते, त्याला म्हणतात कंटेनर.

"म्हणजे डबा?" मी विचारलं होतं.

"डबाच. प्रोग्रॅमला लागेल ते सगळं आत भरून, झाकण लावून आलेला. असे आपले चार डबे. बस त्यांनी आपसांत वाटून घेतल्यात. एखादा डबा थकला, अडकला, तर वरची व्यवस्था त्याला औषध देत बसत नाही. सरळ उचलून टाकते आणि तिथे तसाच भरलेला दुसरा ठेवते."

"आणि नवीन फाइल आली की?"

इथे भाऊजींचे डोळे चमकले. नियमाप्रमाणे नवीन फाइल घालून डबे पहिल्यापासून नव्याने भरायला हवेत, पण त्याला वेळ लागतो, तपासण्या असतात. समिधा मॅडमचं म्हणणं वेगळं होतं: फाइल एका सामाईक कोठारात ठेवा, प्रत्येक डबा सुरू होतानाच तिथून ती उचलेल. एकदा तसं करूनही पाहिलं होतं. पण फाइल कोठारात अर्धीच चढलेली असताना एका डब्यानं ती उचलली आणि दुपारभर गोंधळ झाला. तेव्हापासून भाऊजींचा कोठारावरचा विश्वास उडाला.

"मी काय करतो माहितीये? चालू डब्यात स्वतः जातो. एकेका डब्यात फाइल हातानं ठेवतो, प्रोग्रॅम नव्यानं चालू करतो, बघतो आणि मगच बाहेर येतो. लग्नाचं बोलावणं कुणी कुरिअरनं धाडतं का, वहिनी?"

मी म्हटलं, "हल्ली व्हॉट्सअ‍ॅपवर धाडतात."

"म्हणूनच लोक जात नाहीत," भाऊजी म्हणाले.

नवरात्र आलं आणि चार रस्त्याजवळच्या मांडवानं बसचा रस्ता दुपारनंतर बंद झाला. बस लांबून वळसा घालून येणार होत्या. त्या वळशात गंमत अशी झाली की आमची गल्ली, जी एरवी सगळ्यात शेवटी यायची, ती सगळ्यात आधी येऊ लागली. हे सगळं नव्या फाइलमध्ये घातलेलं होतं. घटस्थापनेच्या सकाळी भाऊजींनी ती चारही डब्यांत घरपोच दिली आणि जाळीतून मला अंगठा दाखवला.

पहिल्या दिवशी सगळं झकास. दुसऱ्या दिवशी दुपारी मी पोळ्या लाटता लाटता फोन बघितला; बस अजून बरीच लांब होती. म्हटलं, दोन पोळ्या होतात अजून. तेवढ्यात फोन आला, तो बसमधल्या ताईंचा.

"सान्वीची मम्मी? तुम्ही खाली नव्हता म्हणून पोरीला परत घेतलंय गाडीत. शेवटच्या फेरीला आणते."

शाळेचा नियम चांगला आहे: घरचं माणूस खाली नसेल तर मूल उतरवायचं नाही. पण त्या दिवशी एकट्या आमच्या बसमध्ये अशी सात-आठ मुलं उरली. मी गेटवर जाऊन उभी राहिले, तर शेजारच्या इमारतींतल्या आयाही पदर खोचून, ओढण्या सावरून तिथेच आलेल्या. सगळ्यांचे फोन अजूनही ठामपणे सांगत होते की बस लांब आहे.

भाऊजी जिना उतरून धावत आले आणि आयांच्या तावडीत सापडले.

"काय हो घाडी! तुमच्या अ‍ॅपमध्ये बस अजून ठाकुर्लीत चहा पितेय, आणि इथे येऊन गेलीसुद्धा!"

"आमचा दादूस रिक्षा चालवतो, त्याला विचारलं असतं तरी नीट सांगितलं असतं."

"अहो, मी स्वतः टाकलेली फाइल! सकाळी बघितलेली! चारही हिरवे आहेत, हे बघा." भाऊजी लॅपटॉप उघडून एकेकीला डबे नीट चालू असल्याचे चार हिरवे ठिपके दाखवत होते. त्या ठिपक्यांत कुणालाही रस नव्हता.

सान्वी मात्र उतरली ती खुशीत. "आई, आम्ही अख्खी डोंबिवली फिरलो! ताईंनी चिक्की दिली. उद्यापण खाली येऊ नकोस हं."

त्या संध्याकाळी भाऊजी प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आले. माफी मागायला, तीही घरपोच. मग त्यांनी फाइल पुन्हा चारही डब्यांत ठेवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बरोबर, दुपारी पुन्हा तेच. बसमधल्या यंत्रांना रेंज मिळत नसेल, असं त्यांनी ठरवलं आणि ड्रायव्हरांना फोन करून पिडलं. डबे तर चारही जागेवर होते, त्याच नावांचे, हिरवे.

शाळेकडून मेसेज आला तो मात्र साधा नव्हता. दसऱ्याच्या सुट्टीआधी शेवटच्या दिवशी शाळा निर्णय घेणार होती. त्या दिवशी पुन्हा एकाही मुलाला असं परत न्यावं लागलं, तर सुट्टीनंतर हे अ‍ॅप बंद.

मेसेज आल्यावर भाऊजी बाल्कनीत आले ते लॅपटॉपशिवाय. मी मेथी निवडत होते.

"वहिनी, बसचं काम आमच्याकडे एवढं एकच आहे. ही शाळा गेली की ही टीम बंद. मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय, मला काढणार नाहीत. पण जागा आहे ती बेंगळुरूला."

"मग?"

"मग काय? संचिताची पोस्टातली नोकरी इथे. आणि आई." त्यांनी जाळीला हात लावला. "आई डोंबिवलीला यायला तयार नाही, बेंगळुरूला काय येतेय! चाळीत एकटी टाकून जाऊ?"

मी त्यांना मेथीची अर्धी जुडी जाळीतून दिली. हाताला काम असलं की माणूस जरा बरा राहतो. त्यांनी ती इतकी मन लावून निवडली की देठासकट सगळी पानं गेली.

ललितापंचमीला घाडींकडे आरती असते. त्यांच्या घरची पद्धत अशी, की त्या दिवशी इमारतीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी आरतीला यायलाच हवं. बोलावणं अर्थातच तोंडी. घट बसायच्या आधीच्या आठवड्यात भाऊजी कुंकवाची कोयरी घेऊन सगळे मजले फिरले होते. "जेवायला नाही, आरतीला आणि फराळाला. यायचं हं. कधी यायचं सांगा बघू?"

मोहन्याहून विमलाबाई आल्या होत्या. येताना पिशवीभर शेवग्याच्या शेंगा आणि तोंडभर सूचना. भाऊजींचा उतरलेला चेहरा बघून त्यांनी काही विचारलं नाही. संचितानं सगळं सांगितलेलं होतं. फक्त तबकात वाती लावता लावता म्हणाल्या, "बेंगळुरूला शेंगा मिळतात का गं?"

"मिळतात, आई," संचिता म्हणाली.

"मग मला कशाला न्यायचं तिथे!"

आरतीला घर भरलं. पण विमलाबाईंची नजर घारीची. दुसऱ्या मजल्यावरच्या एका घरातून कुणीच आलेलं नव्हतं. जिन्यासमोरचं घर, बाहेर दिवा लागलेला, आत टीव्हीचा आवाज.

"साई, त्या जिन्यासमोरच्यांना सांगितलं नव्हतंस?"

"आई! मी स्वतः जाऊन सांगितलंय. त्यांनी मला परत म्हणूनही दाखवलेलं."

"मग मान ठेवायचा नाही म्हणजे काय? जा, बोलाव."

भाऊजी हातात आरतीची घंटा तशीच घेऊन खाली गेले. मी फराळाच्या डिशा आणायला त्यांच्या मागोमाग निघाले होते, म्हणून पुढचं सगळं माझ्या समोर झालं. दार उघडलं ते एका अनोळखी बाईंनी. हसऱ्या, हाताला कणीक लागलेली.

"नमस्कार. आरतीला येताय ना? सगळे थांबलेत," भाऊजी जरा रागातच म्हणाले.

"आरती? कुणाकडे?"

"म्हणजे काय? मी नाही का येऊन गेलो? याच दारात उभा राहून सांगितलं!"

बाई गोंधळल्या. "अहो, आम्ही रविवारीच राहायला आलो. मी नयन. आधीचे भाडेकरू सोडून गेले ना! त्यांना सांगितलं असेल तुम्ही."

मी म्हटलं, "हो की भाऊजी, टेम्पो लागला होता रविवारी."

भाऊजी दाराकडे बघत राहिले. मग दारावरच्या नंबराकडे. मग नयनताईंकडे. घंटा त्यांच्या हातात एकदा आपोआप वाजली.

"दार तेच," ते म्हणाले.

"हो, दार तेच," नयनताई म्हणाल्या. त्यांना वाटलं असेल, हे कसले शेजारी!

"नंबर तोच. बाहेर दिवापण चालू. आणि आतली माणसं नवी. त्यांना मी काही सांगितलेलंच नाही." भाऊजी माझ्याकडे वळले. "वहिनी, माझे डबे!"

"कसले डबे?" नयनताईंनी मला हळूच विचारलं.

"तुम्ही चला आरतीला," मी म्हटलं. "वर गेल्यावर सांगते. जरा लांबण आहे."

वर आरती सुरू झाली ती घंटेशिवाय, कारण भाऊजी घंटा घेऊन बाल्कनीत लॅपटॉपसमोर बसलेले. विमलाबाई आरती म्हणता म्हणता त्यांच्याकडे असे डोळे काढत होत्या की देवीनंही जरा अंग चोरलं असेल. आरती संपल्यावर त्या बाल्कनीच्या दारात गेल्या. "देवीपेक्षा मोठं काय निघालं रे?"

"आई, हे बघ. चारही डब्यांची नावं तीच, सगळे हिरवे, म्हणून मी कधी वयच बघितलं नाही. हा तिसरा बघ. आज दुपारचा जन्म आहे याचा! हा दुसरा, कालचा!"

झालं होतं असं. शाळा सुटायच्या वेळी सगळ्या आया एकदम फोन उघडतात; त्या गर्दीत एखादा डबा गुदमरतो. वरची व्यवस्था तो उचलून फेकते आणि त्याच नावाचा दुसरा ठेवते. तो दुसरा भरून आलेला असतो जुन्या फाइलनं, ज्यात आमची गल्ली सगळ्यात शेवटी. भाऊजींनी हातानं ठेवलेली फाइल आधीच्या डब्याबरोबर गेली. ते रोज सकाळी जाऊन बोलावणं देत होते आणि दुपारी घरात दुसरीच माणसं राहायला येत होती.

विमलाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे भाडेकरूंना सांगून उपयोग नाही. घरमालकाला सांगायला हवं, की जो येईल त्याला सांग."

"तेच तर मॅडम सांगत होत्या!" भाऊजी म्हणाले आणि कपाळाला हात लावला. घंटा त्याच हातात होती, ती कपाळावर लागली.

दुसऱ्या दिवशी समिधा मॅडमशी त्यांचं बोलणं बाल्कनीत, स्पीकरवर झालं. मी तिथेच होते. लोणच्याच्या बरणीला ऊन दाखवायचं होतं.

"मी तुम्हाला मे महिन्यापासून काय सांगतेय, साईनाथ?"

"कोठार, मॅडम."

"आणि तुम्ही काय करताय?"

"कबूल. पण कोठाराचापण एक घोळ आहे, तो सोडवू द्या. डब्यानं फाइल उचलली की लगेच कामाला लागायचं नाही. आधी ती पूर्ण आहे का ते ताडून बघायचं. अर्धी असेल तर पुन्हा आणायची. नाहीच मिळाली तर सुरूच व्हायचं नाही. लोकांना चुकीची वेळ दाखवण्यापेक्षा 'थांबा' दाखवायचं. आणि पूर्ण मिळाली की कुठली फाइल हातात आहे ते आपल्याला कळवायचं."

पलीकडे मॅडम हसल्या. "म्हणजे 'पोचली का?' हे तुम्ही विचारत फिरणार नाही. डबाच येऊन सांगणार."

"हो. तेवढं तर पाहिजेच ना!"

"छान आहे. करा. पण एक अट. यापुढे चालू डब्यात हात घालायचा नाही. एकदाही नाही. कितीही वाटलं तरी नाही."

भाऊजी तुळशीची वाळकी पानं खुडायला लागले.

"साईनाथ?"

"ऐकतोय, मॅडम."

"ऐकू नका, हो म्हणा."

"हो," भाऊजी म्हणाले. लेकीची पाठवणी करताना म्हणावं तसं.

मधले दोन दिवस शाळेला सुट्टी होती आणि ते त्यांना पुरले. रिकाम्या बस डेपोतून हलत असताना त्यांनी एकेक डबा मुद्दाम बंद करून पाहिला. प्रत्येक वेळी नवा डबा आला, त्यानं फाइल उचलली, ताडून बघितली आणि कळवलं. बंद करताना भाऊजी डोळे मिटून घ्यायचे, असं संचिता सांगते.

शाळेच्या शेवटच्या दिवशी दुपारी आमच्या गेटवर एरवीपेक्षा जास्त माणसं होती. आया लवकरच खाली येऊन उभ्या होत्या. अ‍ॅपवर विश्वास ठेवून नव्हे, घाडींचं काय होतं ते बघायला. नयनताई नुसत्याच आल्या होत्या, त्यांचं कुणी मूल त्या शाळेत नव्हतं. पण आरतीच्या दिवसापासून हे डब्यांचं प्रकरण त्यांना सोडवत नव्हतं. संचितानं अर्धी रजा टाकलेली. भाऊजींचा लॅपटॉप तिच्या काखेत होता.

"दे ना. फक्त बघतो."

"बघतो म्हणालात की हात लावता. फोनवर बघा."

फोनवर फक्त ठिपके दिसत होते. फोन वाजले, शाळा सुटल्याचा मेसेज आला. सगळ्या डोंबिवलीतल्या आयांनी एकदम अ‍ॅप उघडलं असणार, कारण जरा वेळानं भाऊजींच्या फोनवरचा तिसरा ठिपका विझला. आमची बस तिसऱ्यातच होती.

"गेला," भाऊजी म्हणाले.

आमच्या सगळ्यांच्या फोनवरची बस नाहीशी झाली. तिथे लिहिलेलं आलं: 'थांबा, माहिती घेत आहोत.'

"घ्या! आता बसच गायब!"

"घाडी, बस विकून टाकलीत की काय?"

"थांबा ना जरा, तेच लिहिलंय," भाऊजी म्हणाले, पण त्यांचा स्वतःचा आवाज थांबायला तयार नव्हता. "संचिता, दे. एकदाच. आत जाऊन ठेवून येतो, कुणाला कळणारपण नाही."

"मला कळेल," संचिता म्हणाली आणि लॅपटॉप दुसऱ्या काखेत घेतला.

"अगं, तो उठतच नाहीये!"

"उठेल. लहान मुलाला सारखं हलवलं तर ते जेवतं का?"

भाऊजींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. एका हातानं दुसरा मनगटापाशी घट्ट धरला. तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी न नेता, न देता, न विचारता उभा होता, आणि घामानं भिजला होता. आम्ही सगळ्या आपापल्या फोनऐवजी त्यांच्याकडेच बघत होतो. टोमणे थांबले. त्या दिवशी रिक्षावाल्या दादूसचं नाव घेणाऱ्या बाईंनीच त्यांना पाण्याची बाटली दिली. त्यांनी ती घेण्यासाठीसुद्धा हात सोडले नाहीत. मानेनंच नको म्हणाले.

तिसरा ठिपका आधी पिवळा झाला. मग हिरवा. त्यांच्या फोनवर एक ओळ उमटली: फाइल पूर्ण मिळाली, नवरात्राची.

"पोचली," भाऊजी म्हणाले. अगदी हळू.

माझ्या फोनवर बस परत आली, आणि ती लांब नव्हती. कोपऱ्यावर होती. मी मान वर केली तर ती खरंच कोपऱ्यावर होती. मांडवाच्या कनातीला घासत, हॉर्न वाजवत वळत होती. ताई दारात उभ्या. खाली इतकी माणसं बघून त्याच दचकल्या.

"आज काय आहे? हळदीकुंकू?"

मुलं एकेक करून उतरली. कुणीही उरलं नाही. सान्वी माझ्या हातात दप्तर देऊन कुरकुरली, "खाली का आलीस? आज ताईंकडे राजगिऱ्याचे लाडू होते." ताईंनी ऐकलं आणि सगळ्या मुलांना खिडकीतून एकेक लाडू दिला. एक भाऊजींनाही. तेव्हा कुठे त्यांनी हात सोडले.

निर्णय संध्याकाळी आला. समिधा मॅडमनी फोन केला, त्यांच्या मागे ढोल-ताशाचा इतका गजर होता की भाऊजींना तीनदा विचारावं लागलं. शाळा अ‍ॅप ठेवणार होती. वर शाळेच्या दुसऱ्या शाखेच्या बसचंही बघा म्हणाले होते. ती शाखा होती आंबिवलीजवळ, मोहन्याच्या अगदी अलीकडे.

"मॅडम, तिकडे मी स्वतः जाऊन..."

"साईनाथ!"

"स्वतः जाऊन आईला भेटून येईन, म्हणत होतो."

फोन ठेवल्यावर त्यांनी मोहन्याला लावला. विमलाबाई अष्टमीलाच परत गेल्या होत्या. घरातली रोपं वाळतील म्हणून. आम्ही सगळे बाल्कनीत, जाळीच्या दोन्ही बाजूंना.

"आई, नाही जात बेंगळुरूला. इथेच आहे."

"बरं," विमलाबाई म्हणाल्या. नाक ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, "मग रविवारी ये. मोरीचा नळ गळतोय. आणि प्लंबरला पाठवू नकोस, तू ये."